वाट सोडून गेलेला खडा

पचनसंस्थेचा पाठ शिकवताना फळ्यावर यकृत काढून झाले, की त्याच्या खालच्या कडेला आपण एक लहानशी पिशवी काढतो, तिला 'पित्ताशय' असे नाव देतो आणि पुढे स्वादुपिंडाकडे वळतो. एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, आमच्या आजीला पित्त होतं, ते याच पिशवीतलं का?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना आपली थोडी अडचण होते. मराठीत पित्त हा शब्द निदान चार कामे करतो. जेवणानंतर छातीत जळजळले की 'पित्त झाले'. अंगावर गांधी आल्या की 'पित्त उठले'. राग आला की 'पित्त खवळले'. वैद्यांच्या त्रिदोषांतले पित्त आणखी निराळे. यांपैकी एकाही पित्ताचा फळ्यावरच्या त्या पिशवीशी सरळ संबंध नाही. जळजळ होते ती जठरातल्या आम्लामुळे. पित्ताशयातला पित्तरस यकृतात तयार होतो, तो आम्लधर्मी नसतो आणि त्याचे मुख्य काम स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करणे हे असते. गांधी ही अंगाची वेगळीच प्रतिक्रिया होय.

हा केवळ शब्दांचा घोळ आहे असे समजून सोडून देता येत नाही, कारण या घोळाची किंमत काही वेळा माणसाला मोजावी लागते. ती कशी, हे पाहण्यासाठी आपण एक उदाहरण कल्पू.

देवळाली प्रवऱ्याच्या एक आजी

समजा, राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरा येथे सत्तरीच्या एक आजी आहेत. जेवणात थोडे तेलकट आले की त्यांच्या उजव्या बरगडीखाली दुखते, दुखणे पाठीत आणि खांद्याकडे जाते, दोन-तीन तासांनी थांबते. घरातले म्हणतात, "आईंना पित्ताचा त्रास आहे." त्यासाठी सोडा, आवळा, दुकानातली गोळी असे काही ना काही चालू असते. अशी वर्षे जातात. एकदा त्यांना जोराचे दुखणे येते, तापही येतो, पण आठवड्याने सारे थांबते. पुढे काही महिन्यांनी त्यांना उलट्या सुरू होतात. पोट फुगते. मध्येच एक दिवस बरे वाटते, पुन्हा उलट्या होतात. अखेर रुग्णालयात नेल्यावर पोटाच्या क्ष-किरण चित्रात लहान आतडे फुगलेले दिसते, आणि शस्त्रक्रियेत आतड्याच्या शेवटच्या भागात अडकलेला, सुपारीपेक्षा मोठा एक खडा सापडतो. तो पित्ताशयातला खडा असतो.

या आजी कल्पित आहेत, पण आजार खरा आहे, आणि त्याची ही चाल वैद्यकाच्या पुस्तकांत याच क्रमाने दिलेली असते. आता कोडे असे, की पित्ताशयात तयार झालेला खडा आतड्यात पोहोचला कसा? पित्ताशयातून आतड्यात येणारी नळी पेन्सिलीहून जाड नसते. तिची सुरुवातीची शाखा तर उदबत्तीच्या काडीसारखी बारीक. आतडे अडवणारा खडा मात्र बहुधा अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा असतो. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर रुंद आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अंदाज येईल. पेन्सिलीएवढ्या नळीतून नाण्याएवढा खडा जाणार नाही. मग तो गेला कुठून? या प्रश्नाचे उत्तर शोधायला वैद्यकाला बराच काळ लागला.

खडा म्हणजे काय?

पित्ताचे खडे माणसाला फार जुने आहेत. सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील एका पुजारिणीच्या ममीत असे खडे मिळाले होते. आपल्याकडे जनावराच्या पित्ताशयातला खडा वेगळ्या नावाने सर्वांच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे गोरोचन. औषधात आणि गंधात वापरले जाणारे हे पिवळसर द्रव्य गाई-बैलांच्या पित्ताशयात तयार होते. म्हणजे खडा माहीत होता, त्याला मोलही होते, मात्र तो रोग म्हणून नव्हे.

फ्लॉरेन्स येथील अँतोनिओ बेनिव्हिएनी या वैद्याने मृत रुग्णांची शरीरे उघडून पाहिली आणि त्यांच्या टिपणांत पित्ताशयातल्या खड्यांची नोंद केली. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १५०७ साली निघाले. पुढे १८१५ च्या सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल याने या खड्यांतून मिळणाऱ्या पांढऱ्या, मेणचट पदार्थाला ग्रीक शब्दांवरून नाव दिले. 'कोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरिऑस' म्हणजे घट्ट. त्या नावातूनच आजचा 'कोलेस्टेरॉल' हा शब्द आला. आज हृदयविकाराच्या संदर्भात घरोघरी बोलला जाणारा हा शब्द मुळात पित्ताच्या खड्यातून निघाला आहे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. पित्ताशयात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावतो, म्हणून तेथे त्यातले पाणी शोषले जाऊन तो दाट होतो. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तरसातले क्षार आणि लेसिथिन त्याला धरून ठेवतात. हे प्रमाण बिघडले, पित्ताशय नीट रिकामे होईनासे झाले, की कोलेस्टेरॉलचे स्फटिक सुटे होतात आणि त्यांवर थर चढत जातात. काही खडे मात्र कोलेस्टेरॉलचे नसून पित्तातल्या रंगद्रव्याचे असतात. गोरोचनही प्रामुख्याने रंगद्रव्याचेच.

आणखी एक गोष्ट येथेच सांगायला हवी. ज्यांच्या पित्ताशयात खडे असतात त्यांपैकी बहुतेकांना जन्मभर त्यांचा पत्ताही लागत नाही. असे मुके खडे सोनोग्राफीत सहज सापडले, तर सहसा काही करावे लागत नाही. म्हणून पुढे जे सांगायचे आहे ते घाबरवण्यासाठी नाही.

खडा स्वतःची वाट करतो

आतडे अडवणाऱ्या खड्याची पहिली नोंद १६५४ सालची मानली जाते. डेन्मार्कच्या बार्थोलिन याने शवविच्छेदनात तो पाहिला. पण खडा तेथे आला कसा, हे कळण्यासाठी पित्ताशयाचे शेजार लक्षात घ्यावे लागते. पित्ताशयाला लागूनच लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे आद्यांत्र असते. मोठा खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला की पित्ताशय सुजते. सूज वारंवार आली की ते शेजारच्या आद्यांत्राला चिकटते. खडा आतून भिंतीवर दाबत राहतो, दाबाखालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग झिजतो, आणि एक दिवस दोन्ही भिंतींना मिळून एकच भोक पडते. खडा नळीतून न जाता या नव्या दारातून सरळ आतड्यात उतरतो. आपल्या आजींना आलेले ते तापाचे दुखणे आठवा. आठवड्याने सारे थांबले ते बरे झाले म्हणून नव्हे, तर भोक पडून आतला ताण गेला म्हणून.

आतड्यात आलेला खडा कधी शौचावाटे निघूनही जातो. मोठा असेल तर तो पुढे सरकतो, अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. म्हणूनच उलट्या होतात, थांबतात, पुन्हा होतात, आणि मधल्या बऱ्या दिवसामुळे घरच्यांची फसगत होते. शेवटी लहान आतडे जेथे सर्वांत अरुंद असते, म्हणजे मोठ्या आतड्याला मिळण्यापूर्वीच्या भागात, खडा कायमचा बसतो.

क्वचित तो इतका मोठा असतो की आद्यांत्रातच अडकतो आणि जठराचे दारच बंद होते. हा प्रकार बोसिए याने १७७० मध्ये नोंदवला होता, पण नाव मिळाले ते ल्योंच्या लेऑन बुव्हरे या डॉक्टरचे, कारण १८९६ साली त्याने दोन रुग्णांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. विज्ञानात नाव पहिल्या पाहणाऱ्याला मिळते असे नाही. पुष्कळदा ते नीट सांगणाऱ्याला मिळते.

स्वित्झर्लंडच्या कुरव्हॉसिए या शल्यचिकित्सकाने १८९० मध्ये खड्यामुळे आतडे अडलेल्या १३१ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यांतले ४४ टक्के रुग्ण दगावले होते. निदानच होत नसे, हे त्याचे मोठे कारण. या बाबतीत मदत झाली ती क्ष-किरणांची. १९४१ मध्ये अमेरिकेतील लिओ रिग्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीन खुणा सांगितल्या. फुगलेले लहान आतडे, नको त्या जागी दिसणारा खडा, आणि पित्तनलिकांत हवा. यातली तिसरी खूण मोठी बोलकी आहे. पित्तनलिकांत एरवी हवा नसते. ती दिसली, म्हणजे आतड्यातली हवा उलट्या दिशेने वर गेली, म्हणजे कोठेतरी नवे दार पडले आहे. मात्र तिन्ही खुणा प्रत्येक रुग्णात दिसत नाहीत. पुष्कळ खड्यांत कॅल्शियम कमी असल्याने ते साध्या क्ष-किरण चित्रात उमटतच नाहीत. आता सीटी स्कॅनमुळे हे काम पुष्कळ सोपे झाले आहे.

कातडीतून निघालेले खडे

शेजार आतड्याचा आहे तसा पुढच्या बाजूला पोटाच्या भिंतीचाही आहे. पित्ताशय त्या भिंतीला चिकटले, तर खडा कातडीतूनही वाट करतो. उजव्या कुशीत किंवा बेंबीजवळ गळू येते, फुटते, आणि त्यातून पित्त व खडे वाहू लागतात. १६७० साली थिलेसस याने याचे वर्णन केले. पॅरिसचा शल्यचिकित्सक झाँ-लुई पेती याने १७४३ मध्ये यातून एक उपाय सुचवला. पित्ताशय पोटाच्या भिंतीला चिकटलेलेच असेल, तर त्या जागी छेद घेतल्यास पित्त पोटात न सांडता बाहेर येईल. शरीराने जी वाट शोधली होती, तीच शल्यचिकित्सकाने धरायची.

कुरव्हॉसिएच्या त्याच काळातल्या संकलनात पित्ताशय फुटलेल्या ४९९ रुग्णांपैकी १६९ जणांत वाट कातडीतून पडली होती. म्हणजे तीनांत एक! आज हा प्रकार इतका विरळा झाला आहे की एखादा रुग्ण आढळला तर त्यावर स्वतंत्र लेख लिहिला जातो. खडे तेच आहेत, शरीराची रचनाही तीच. मग काय बदलले? या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ.

नाव टिकले, स्पष्टीकरण गेले

तिसरा प्रकार कावीळ उत्पन्न करणारा आहे. पाब्लो मिरिझी हा अर्जेंटिनातील कोर्दोबा शहराचा शल्यचिकित्सक. शस्त्रक्रिया चालू असतानाच पित्तनलिकांत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य भरून त्यांचे चित्र घेण्याची रीत त्याने १९३१ मध्ये सुरू केली. १९४८ मध्ये त्याने एक निरीक्षण मांडले. खडा पित्ताशयाच्या मानेत अडकलेला असतो, मुख्य नलिकेत एकही खडा नसतो, तरीही मुख्य नलिका बंद होऊन रुग्णाला कावीळ होते.

मिरिझीला वाटले, की यकृताकडून येणाऱ्या नलिकेत गोलाकार स्नायू असावा आणि तो आकसत असावा. पुढे असे दिसून आले की तेथे असा झडपेसारखा स्नायू नाहीच. खरे कारण साधे होते. मानेतला खडा आणि त्याभोवतीची सूज शेजारच्या नलिकेला बाहेरून दाबत होती, रबरी नळीवर पाय दिल्यावर पाणी थांबावे तशी. कधी हा खडा झिजवत झिजवत मुख्य नलिकेतच घुसतो. १९८२ मध्ये मॅकशेरी आणि १९८९ मध्ये चिलीतील चेंडेस यांनी याच्या पायऱ्या ठरवल्या. स्पष्टीकरण चुकले, निरीक्षण मात्र पक्के होते. म्हणून मिरिझीचे नाव आजही त्या आजाराला आहे. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

या प्रकाराचा आपल्या गावांशी जवळचा संबंध आहे. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की 'कावीळ उतरवायला' नेण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. विषाणूमुळे झालेली कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते, आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. नळी दाबली गेल्याने झालेली कावीळ तशी उतरत नाही. पित्तातले रंगद्रव्य आतड्यात न पोहोचल्याने शौचाचा रंग पांढुरका, मातकट होतो. तेच रंगद्रव्य रक्तातून मूत्रात गेल्याने लघवी गडद होते. अंगाला खाज सुटते. अशा वेळी गेलेला प्रत्येक दिवस यकृताला महाग पडतो.

पिशवीच काढून टाकली तर?

१८८२ पर्यंत पित्ताशय उघडून खडे काढणे एवढीच कल्पना होती. बर्लिनच्या लाझारस रुग्णालयातील कार्ल लांगेनबुख याने विचार केला, की खडे काढले तरी ते बनवणारी पिशवी राहतेच. आणि पित्ताशयावाचून जगता येते याचे दाखले निसर्गात होते. घोड्याला पित्ताशय नसते, हत्तीला नसते, पारव्याला नसते. मृतदेहांवर सराव करून त्याने १५ जुलै १८८२ रोजी ४३ वर्षांच्या एका रुग्णाचे पित्ताशय काढले. सोळा वर्षे दुखणे काढलेला हा रुग्ण काही आठवड्यांनी बरा होऊन घरी गेला.

ही शस्त्रक्रिया आज नेहमीची झाली असली तरी तिच्यात एक धोका आहे. काढायची नळी आणि राखायची नळी अगदी शेजारी असतात. सूज वाढून दोन्ही एकमेकींना चिकटल्या, की चूक होऊ शकते. मिरिझीचा प्रकार शस्त्रक्रियेआधीच ओळखणे महत्त्वाचे, ते यासाठी. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत १९५३ मध्ये पित्तनलिकेला इजा झाली, त्यांना अमेरिकेत जाऊन दुरुस्तीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पुढे पंतप्रधान असताना, १९५६ च्या सुएझ प्रकरणातही त्यांची प्रकृती त्यांना साथ देत नव्हती.

पोट न फाडता, दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे काम जर्मनीच्या एरिक म्यूहे याने १९८५ मध्ये केले. सहकाऱ्यांनी आधी त्याला मानले नाही. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने पोटाची तपासणी करत होते. त्यांनी १९९० मध्ये भारतातील अशी पहिली पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनीही ती केली. हे तंत्र श्रीमंत देशांपुरते नसून साधनांची टंचाई असलेल्या भागांनाच त्याचा अधिक उपयोग आहे, कारण मजुरी करणारा माणूस लवकर कामावर परततो, असे डॉ. उदवाडिया आवर्जून मांडत आले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुर्मिळ कोणासाठी?

आता मागे ठेवलेला प्रश्न घेऊ. एकेकाळी वरचेवर दिसणारा, कातडीतून वाट काढणारा खडा दुर्मिळ का झाला? सोनोग्राफीने खडा दिसू लागला, प्रतिजैविकांनी सूज आवरता येऊ लागली, शस्त्रक्रिया सुरक्षित झाली. खड्याला भिंत झिजवायला वेळ लागतो, आणि आता तो वेळ त्याला मिळेनासा झाला. आतड्यातला खडा, बुव्हरेचा खडा, मिरिझीचा खडा, हे सारे वेळ मिळालेले खडे आहेत. म्हणून वैद्यकाच्या पुस्तकात 'दुर्मिळ' असे लिहिलेले असते तेव्हा ते सगळीकडे सारखेच दुर्मिळ असेल असे धरून चालत नाही. रुग्ण दवाखान्यात किती लवकर पोहोचतो, यावर ते बरेच अवलंबून असते.

खड्यांचे प्रमाणही प्रांतोप्रांती वेगळे. डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९६८ मध्ये दाखवले, की उत्तर भारतात पित्ताचे खडे दक्षिणेच्या सुमारे सात पट आढळतात. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. आपल्याकडे ओळख मुतखड्याची अधिक, आणि तीच आडवी येते. भरपूर पाणी पिऊन, पानफुटीची पाने खाऊन मुतखडा पडला, तसा हाही पडेल, असे लोकांना वाटते. पण मुतखडा मूत्रमार्गातून बाहेर येतो. पित्ताशयाला त्या मार्गाशी जोडणारी नळीच नाही. तेल आणि लिंबाचा रस पिऊन 'खडे पडले' असे सांगणारेही भेटतात. शौचातून निघालेल्या अशा हिरवट गोळ्यांची तपासणी न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केली, तेव्हा ते चक्क साबणाचे गोळे निघाले. तेलातली स्निग्धाम्ले आणि पोटातले क्षार यांनी ते पोटातच तयार केले होते!

देवळाली प्रवऱ्याच्या आजींसाठी आज रुग्णालय दूर नाही. जवळच लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात रस्ते आहेत, वाहने आहेत, अहिल्यानगर जिल्ह्याच्या गावोगावी सोनोग्राफी पोहोचली आहे. म्हणजे उरलेले अंतर मैलांत मोजायचे नाही. ते एका शब्दात आहे. घरात 'पित्त' हा शब्द उच्चारला गेला की विचार तेथेच थांबतो, आणि खड्याला हवा असतो तो वेळ मिळतो.

हे अंतर कमी करणे डॉक्टरांपेक्षा शिक्षकाला अधिक जमण्यासारखे आहे. पुढच्या वेळी मागच्या बाकावरून तो प्रश्न आला, तर फळ्यावर दोन शब्द वेगळे लिहावेत, आम्ल आणि पित्तरस. मग सांगावे, की जळजळ वेगळी आणि उजव्या बरगडीखाली तासन्‌तास राहणारे दुखणे वेगळे. दुखण्याबरोबर ताप आला, डोळे पिवळे व लघवी गडद झाली, किंवा म्हाताऱ्या माणसाला उलट्या होऊन पोट फुगले आणि शौच व वारा बंद झाला, तर त्याला पित्त म्हणायचे नाही, दवाखाना गाठायचा. मधला एक दिवस बरे वाटले तरीसुद्धा.

संध्याकाळी ते मूल घरी जाऊन आजीला विचारील, "तुझं नेमकं कुठं दुखतं गं?" आजीला असे विचारणारे घरात कदाचित ते पहिलेच असेल.